रफू

ढिगालाही भूक लागते, चेझारी म्हणायचा.
नुसत्या साली घातल्या तर आंबतो, नुसती पानं घातली तर निजतो.
ओल्यावर कोरडं, हिरव्यावर तपकिरी,
आणि मधे मूठभर जुनं खत, विरजणासारखं.
वूच शहरात, रेल्वेच्या रुळांपलीकडे,
एकशे चौदा नंबरच्या या तुकड्यावर
एकतीस वर्षं आमचं सगळं उष्टं-खरकटं येत राहिलं.
बीटची सालं, कॉफीचा चोथा, अंड्यांची टरफलं.
खोक्यांच्या चिकटपट्ट्या तो नखानं सोलत बसायचा,
एकेक,
सूप गार होईपर्यंत.

ऑक्टोबरात तो गेला.

कपाटात त्याचा करडा स्वेटर.
मुलगी म्हणाली, चर्चच्या पेटीत टाक.
कोपरं तीनतीनदा रफू केलेली, कोण घालणार?
आणि लोकर अस्सल. तो चारचौघांत सांगायचा,
"मेंढी माझ्या ओळखीची आहे."
मग मी ढिगाला कोपरभर खड्डा केला,
बाह्या आत दुमडून ठेवला.
प्रार्थना वगैरे काही नाही.
वर घोड्याची लीद, तीन घमेली.
वर सफरचंदाची पानं. पोत्याचं पांघरूण.

जानेवारीत उणे अकरा.
सगळ्या वसाहतीवर बर्फ, आमच्या ढिगावर तेवढा टिकेना.
वाफ निघायची सरळ, चुलीवरच्या भांड्यासारखी,
आणि कुणाची तरी लंगडी मांजर वर येऊन झोपायची.
त्यानं झाडूच्या दांड्याला बांधलेला थर्मामीटर
मी आत खुपसला. एकसष्ट.
हयातीत त्याला कधी साधी कणकण आली नाही.
शेजारचा लुत्स्यान कुंपणावरून ओरडला,
"बोगुमीवाबाई, काय शिजतंय?"
"नवऱ्याचा स्वेटर," मी म्हटलं.
त्यानं टोपी काढली, परत घातली,
आणि आपल्या पांढऱ्या दाण्यांच्या पोत्याकडे निघून गेला.

कुजणं वेगळं आणि मुरणं वेगळं.
कुजलं की वास सुटतो, शेजारी तक्रार घेऊन येतात.
मुरतं ते बरणीतल्या काकडीसारखं,
झाकणाखाली, गुपचूप,
एक दिवस चव बदललेली असते आणि कधी बदलली ते सांगता येत नाही.
माझं यातलं नेमकं काय चाललं होतं
ते त्या हिवाळ्यात मला ठरवता आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ढीग उपसला.
चाळण म्हणजे आमच्या पहिल्या पलंगाची जाळी.
खाली पडत होतं काळं, भुसभुशीत,
पाऊस पडून गेल्यावर जंगलाला येतो तसा वास.
वर उरत होतं ते उरणारच होतं:
आलुबुखारच्या बिया, संत्र्यावरचा कागदी शिक्का नव्हे, प्लॅस्टिकचा,
आणि चहाचा एक चमचा,
ज्याचा आळ मी सतरा वर्षं नणंदेवर घेतला.

मग हाताला लागल्या दोन जाळ्या.
तळहाताएवढ्या, बाक आलेल्या.
स्वेटर कुठेच नव्हता. गळा नाही, बाही नाही, छाती नाही.
मेंढी खरी निघाली.
फक्त त्याची दोन कोपरं.

गिरणीतला नायलॉनचा दोरा होता तो,
पाळी संपताना एप्रनच्या खिशात आणलेला.
टिकाऊ, म्हणून वापरला.
आडवे उभे, आडवे उभे, रेडिओ ऐकत,
आणि तो शेजारी उघड्या हातानं बसलेला, "झालं का?" विचारत.
ढिगाला सगळं पचलं,
माझे टाके पचले नाहीत.

चाळण तशीच टाकून मी बराच वेळ पालथ्या बादलीवर बसले.

मे महिन्यात करवंदांसारख्या त्या काळ्या मनुकांना दोन-दोन फावडी,
बुंध्यापासून वीतभर लांब, हे तोच शिकवून गेला.
टोमॅटोच्या चरात ओंजळ-ओंजळ.
रुबाबला भरपूर, ते खादाड.
लुत्स्यान रिकामी बादली घेऊन आला,
हवामानाबद्दल बोलत, भलतीकडे बघत.
भरून दिली. दाबून भरली.

एक कोपर उसवून त्याच्या दोऱ्यानं
टोमॅटो काठीला बांधले. घट्ट नाही, बोट जाईल एवढं.
दुसरं अजून एप्रनच्या खिशात आहे.
काकड्या चढायला लागतील तेव्हा
बघू.